‘अरे’ला ‘का रे’ : अनादरवाचक शब्दांची दिशा आणि मराठी कोश

पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागात पारगाव या नावाची एकाहून अधिक गावे आहेत. त्यांचा घोटाळा होऊ नये म्हणून सरकारी कागदांत त्यांना जोडनावे लागतात. जुन्नर तालुक्यातील गाव ते ‘पारगाव तर्फे आळे’. आंबेगाव तालुक्यातील, भीमाशंकर सहकारी साखर कारखाना जेथे उभा आहे ते, ‘पारगाव तर्फे अवसरी बुद्रुक’. तर्फ हा जुन्या महसूल व्यवस्थेतील पोटविभाग होय. ती व्यवस्था गेली, नावातील शेपूट तेवढे राहिले. यांपैकी पहिल्या पारगावाला ज्या आळे गावाचे नाव चिकटले आहे, तेथे एका रेड्याची समाधी आहे. ज्ञानदेवांनी पैठणास ज्याच्या मुखातून वेद वदविले तो हा रेडा. भावंडांबरोबर परतत असता त्याने येथे देह ठेवला, अशी भाविकांची श्रद्धा आहे.

या कथेतील चमत्कार सर्वांस ठाऊक आहे. चमत्काराला निमित्त झालेला अपमान मात्र कोणी निरखून पाहत नाही. शुद्धिपत्रासाठी पैठणच्या ब्रह्मवृंदापुढे उभ्या असलेल्या मुलाचे नाव ‘ज्ञानदेव’ आहे असे कळताच, सभेतील कोणी एक जण रस्त्याने पखाल वाहून नेणाऱ्या रेड्याकडे बोट दाखवतो आणि त्याचेही नाव तेच असल्याचे सांगतो. कथेची कथने अनेक आहेत. रेड्याचे नाव कोठे ‘ज्ञाना’ तर कोठे ‘ग्यान्या’ असे येते. अपमानाची घडण मात्र सर्वत्र एकच. यात एकही शिवी नाही, कोशात ज्यापुढे ‘अशिष्ट’ अशी खूण करावी असा एकही शब्द नाही. एक विशेषनाम आहे, त्याचे आखूड केलेले रूप आहे, आणि बोलणारा वर बसलेला व ऐकणारा खाली उभा आहे. एवढ्या सामग्रीवर जो अपमान सिद्ध होतो तो शतकानुशतके स्मरणात राहिला आहे.

मराठीतील अनादराचा विचार करू पाहणारा अभ्यासक बहुधा शिव्यांची यादी करावयास बसतो. ही यादी लांबलचक होते, क्वचित मनोरंजकही होते. परंतु तिच्यावरून मराठी माणूस मराठी माणसाचा अपमान कसा करतो हे कळत नाही. शिव्यांचे तर असे आहे की त्या वापराने झिजतात. ‘च्यायला’ हा शब्द घ्यावा. ‘तुझ्या आईला’ या पदबंधातील सर्वनामाचे पहिले अक्षर गळाले, क्रियापद तर केव्हाच सांडले, आणि षष्ठीचा उरलासुरला अवशेष चतुर्थीच्या रूपाला चिकटून एक केवलप्रयोगी अव्यय तयार झाले. आज पायाला ठेच लागली तरी तो निघतो. दगडाला आई नसते हे बोलणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही. ‘मेल्या’, ‘मुडद्या’ हे मूळचे शापच. पण घरातील आजी नातवाला उद्देशून ते वापरते तेव्हा त्यांत लाडच अधिक असतो. शिवी बोथट होऊ शकते. बोथट होत नाही ते व्याकरण.

व्याकरण म्हणजे येथे प्रथमतः ‘-या’ हा प्रत्यय. रामराव, रामभाऊ, राम, रामा, राम्या अशी उतरण मराठीत जवळजवळ प्रत्येक पुरुषनामाची लावता येते. स्त्रीनामांचीही उतरण अशीच : गंगाबाई, गंगूताई, गंगा, गंगी. ‘-या’चा उगम बहुधा संबोधनात असावा. आकारान्त पुल्लिंगी नामांचे एकवचनी संबोधन असेच होते; घोडा–घोड्या, मेला–मेल्या. विशेष असे की नावांच्या बाबतीत हे हाकेचे रूप हाकेपुरते राहिले नाही, ते प्रथमेत शिरले : ‘राम्या आला’, ‘गण्या गेला’. ज्याला नेहमी हाकच मारली जाते, ज्याच्याविषयी सावकाशीने बोलावे असे कोणास वाटत नाही, त्याचे हाकेचे रूप हेच त्याचे नाव होऊन बसावे, यात व्याकरणाइतकाच समाजाचाही भाग आहे. या रूपाची एक सोपी कसोटी सांगता येते. ‘रामराव आले’ हे ठीक, ‘राम आले’ हेही प्रसंगी चालेल. ‘राम्या आले’ हे मात्र कोणाही मराठी भाषकाच्या कानाला थट्टेवाचून पटणार नाही. आदरार्थी बहुवचनाला ‘-या’ आपल्या शेजारी उभे राहू देत नाही.

मात्र हाच प्रत्यय वरच्या दिशेनेही जातो, आणि तेथे त्याचा अर्थ पालटतो. जनाबाईच्या नावावरील अभंगांत विठ्ठलाला ‘विठ्या’ अशी हाक आहे. देवाला, आईला आणि जिवलग मित्राला मराठी माणूस एकेरीच संबोधतो. ग्रामीण घरात बापाला ‘तुम्ही’ आणि आईला ‘तू’ हा भेद अजूनही ऐकू येतो. ब्राउन आणि गिलमन यांनी 1960 मध्ये युरोपीय भाषांतील द्वितीयपुरुषी सर्वनामांचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात सत्ता आणि सलगी अशी दोन सूत्रे धरून एकेरी-अनेकेरीचा उलगडा केला आहे. मराठीला ही सूत्रे पुष्कळ अंशी लागू पडतात. परंतु त्यांनी एक गोष्ट सुटते, आणि ती मराठी वाक्प्रचारांनी अचूक टिपलेली आहे. मराठीत अपमान करणे या क्रियेचे एक नावच मुळी ‘एकेरीवर येणे’ असे आहे. ‘अरेतुरे करणे’ हे दुसरे, ‘हमरीतुमरीवर येणे’ हे तिसरे. व्याकरणातील वचनाच्या नावावरून भांडणाच्या पायरीला नाव देणारा हा समाज व्याकरणकारांची वाट पाहत थांबलेला दिसत नाही. आणि ‘येणे’ हे क्रियापद किती अर्थपूर्ण आहे! कारखान्याच्या वजनकाट्यापाशी गाड्या लावून बसलेले दोन शेजारी शेतकरी एकमेकांस दिवसभर ‘तू’ म्हणतात. त्यात अपमान नाही, कारण कोणी कोठून कोठे आलेला नाही. ‘तुम्ही’वरून ‘तू’वर येणे हा अपमान. म्हणजे अनादर सर्वनामात नसून सर्वनामांच्या अंतरात आहे. परंतु ज्याला जन्मतःच एकेरीत ठेवले गेले त्याचे काय? त्याच्या बाबतीत कोणी ‘एकेरीवर आले’ असे म्हणताच येत नाही. कारण तेथे येण्यासाठी आधी दुसरीकडे असावे लागते. या वाक्प्रचाराच्या कक्षेत त्याचा अपमान बसतच नाही.

कोशांचा प्रश्न येथून सुरू होतो.

मोल्सवर्थ याच्या मराठी–इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ती 1831 ची आणि वाढविलेली दुसरी 1857 ची. परक्या लष्करी अधिकाऱ्याने मराठी साहाय्यकांच्या मदतीने केलेल्या या कोशाचा एक गुण आजही वाखाणण्याजोगा आहे : शब्दाचा अर्थ देताना तो रागाने, तुच्छतेने की लाडाने वापरला जातो याची नोंद तो पुष्कळ ठिकाणी करतो. परक्याला ही नोंद आवश्यकच होती. कोणता शब्द कोणापुढे उच्चारू नये हे त्याला शिकावयाचे होते. पुढे दाते आणि कर्वे यांच्या संपादनाखाली 1932 ते 1938 या काळात महाराष्ट्र शब्दकोशाचे सात विभाग निघाले. त्याची थोरवी निर्विवाद आहे. वाङ्मयीन अवतरणांचा त्याने केलेला संग्रह आधीच्या कोणत्याही कोशाला साधलेला नव्हता. परंतु अवतरणांवर उभारलेल्या कोशाला एक मर्यादा पडते. कोणीतरी लिहिले तेवढेच त्याला आधारासह दाखवता येते, आणि मराठीत दीर्घकाळ लिहिणारे कोण होते हे सांगावयास नको. अपमान करणाऱ्याची भाषा कागदावर आली. अपमान सोसणाऱ्याची फार उशिरा आली.

याहून गंभीर आक्षेप एका खुणेविषयी आहे. सभ्य वापरात न बसणाऱ्या शब्दापुढे आपल्या कोशांतून आणि व्याकरणांतून ‘ग्राम्य’ अशी खूण करण्याचा प्रघात आहे. ही खूण शब्दाच्या वापराविषयी काहीच सांगत नाही, बोलणाऱ्याच्या वस्तीविषयी सांगते. ग्राम म्हणजे गाव. ग्राम्य म्हणजे गावचा, आणि म्हणून हलका. ‘गावंढळ’, ‘खेडवळ’, ‘गावठी’ हे शब्द कोशात अनादरवाचक म्हणून नोंदवावयाचे आणि नोंदवताना वापरलेली खूण त्याच जातीची असावयाची, हा विरोधाभास कोशकारांच्या लक्षात आला नसावा. इंग्रजीचा इतिहास या बाबतीत वेगळा नाही. ‘व्हिलन’ म्हणजे मूळचा जमीनदाराच्या वाड्याशी बांधलेला शेतमजूर, ‘बूर’ म्हणजे मूळचा शेतकरी. दोघेही शहरी तोंडात पडून पहिला दुष्ट झाला आणि दुसरा असंस्कृत. पारगावच्या शेतकऱ्याचे बोलणे ग्राम्य ठरते ते तो पारगावचा आहे म्हणून. तेच वाक्य पुण्यातील वकिलाने उच्चारले तर ते ‘रोखठोक’ ठरण्याचा संभव असतो.

बोलीच्या पाहणीकडे वळावे तर तेथे एक अनपेक्षित पुरावा हाती लागतो. ग्रीअर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाच्या मराठीविषयक सातव्या खंडात (1905) बोलींचा मुख्य नमुना म्हणून उधळ्या मुलाचा ख्रिस्ती दृष्टांत निरनिराळ्या बोलींत उतरवून घेतलेला आहे. मजकूर उपदेशपर, त्यात भांडणाला वाव कोठून असणार, असे वाटावे. पण घरी राहिलेला थोरला भाऊ शेवटी बापावर चिडतो, आणि परतलेल्या धाकट्याचा उल्लेख ‘माझा भाऊ’ असा न करता ‘हा तुझा मुलगा’ अशा अर्थाने करतो. शिवी नाही, केवळ नात्याचा शब्द बदललेला आहे आणि त्याला जवळचे दर्शक सर्वनाम जोडलेले आहे. मराठी घरांत आजही ‘तुमच्या चिरंजीवांनी’ या शब्दांनी आरंभ झालेले वाक्य कोठे जाणार हे ऐकणाऱ्यास ठाऊक असते. सर्वेक्षणाने हे वाक्य विभक्तिप्रत्ययांचा नमुना म्हणून जपले. अनादराचा नमुना म्हणून ते कोणी वाचल्याचे दिसत नाही.

आता अपमान करण्याच्या क्रियेला मराठीत जी नावे आहेत ती एकत्र मांडून पाहावीत. वरच्याने खालच्याला बोलणे यासाठीचे शब्द असे : कानउघाडणी करणे, खरडपट्टी काढणे, झाडणे, धुऊन काढणे, चंपी करणे, बिनपाण्याने हजामत करणे, हजेरी घेणे, तंबी देणे, समज देणे. यांतील बहुसंख्य शब्द साफसफाईचे आहेत. कान उघडला जातो, मळ खरडला जातो, धूळ झाडली जाते, केस उतरवले जातात. जणू बोलणाऱ्याने ऐकणाऱ्याची सेवाच केली! खालच्याने वरच्याला बोलणे यासाठीचे शब्द पाहावेत तर चित्र उलटे : उद्धटपणा, उर्मटपणा, आगाऊपणा, शिरजोरी, तोंड वर करून बोलणे, उलटून बोलणे, डोक्यावर बसणे, पायरी सोडणे. येथे सर्व रूपके उंचीची आणि तोंडाची आहेत. पायरी कोणाची, हे प्रत्येकाला ठाऊक असल्याचे गृहीत आहे. बाप मुलाशी उद्धटपणे बोलला, सासू सुनेशी आगाऊपणे वागली, मालकाने गड्यापुढे पायरी सोडली, अशी वाक्ये व्याकरणदृष्ट्या निर्दोष असूनही मराठी कानाला विचित्र वाटतात. ‘अरेरावी’, ‘मुजोरी’ असे काही शब्द वरच्यालाही लागतात हे खरे. पण त्यांची संख्या अल्प आहे. ‘पाणउतारा’ हा शब्द तर सामान्यतः ज्याला मुळात पाणी, म्हणजे तेज, आहे त्याच्यासाठीच राखलेला असतो; निस्तेज ठरवलेल्या माणसाचे उतरवणार काय?

या सर्वांचा कळस म्हणजे ‘अरे’ला ‘का रे’ हा प्रयोग. पहिला ‘अरे’ कोणी तरी उच्चारलेला आहे. वाक्प्रचार त्याच्याविषयी मौन बाळगतो. दोष असो वा शौर्य, नाव मिळते ते दुसऱ्याला, उत्तर देणाऱ्याला.

इंग्रजीत हीच व्यवस्था अवयवांच्या नावांनी वावरते. उलट बोलणाऱ्या मुलाच्या ठिकाणी ‘चीक’, म्हणजे गाल, असल्याचे म्हणतात. नोकराने ‘लिप’, म्हणजे ओठ, देऊ नये अशी अपेक्षा असते. अमेरिकेत गोऱ्यांनी कृष्णवर्णीयांविषयी वापरलेला ‘अपिटी’ हा शब्द उंचीचाच. एकेरी सर्वनामही इंग्रजीने एकेकाळी शस्त्र म्हणून वापरले. 1603 मध्ये सर वॉल्टर रॅले याच्यावरील राजद्रोहाच्या खटल्यात सरकारपक्षाच्या एडवर्ड कोक याने त्याला मुद्दाम एकेरीत संबोधून अपमानित केले. त्याच शतकाच्या मध्याला क्वेकर पंथीयांनी न्यायाधीशापासून सर्वांनाच ते सर्वनाम लावावयास आरंभ केला आणि त्यापायी रोषही ओढवून घेतला. पुढे ते सर्वनामच व्यवहारातून गेले, आणि इंग्रजीला अनादरासाठी शब्दांवर व सुरावर अधिक विसंबावे लागले. क्वेकरांनी समता आणली ती सर्वांना खाली आणून. वारकऱ्यांनी तीच वर नेऊन आणू पाहिली : भेटेल त्याला ‘माउली’ म्हणावयाचे आणि दोघांनीही एकमेकांच्या पायांस हात लावावयाचे. ही रीत वारीच्या वाटेबाहेर किती टिकते हा निराळा प्रश्न आहे.

इंग्रजीतील अलीकडच्या शब्दांत ‘डिस’ हा या दृष्टीने लक्ष वेधतो. अनादर या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचा केवळ उपसर्ग तोडून त्याचे क्रियापद केले आहे. आदराचा भाग गळाला, नकार तेवढा राहिला. अमेरिकेतील कृष्णवर्णीय तरुणांच्या बोलीतून आणि त्यांच्या गीतांतून हा शब्द 1980 नंतरच्या दशकात सर्वत्र पसरला. ‘चीक’, ‘लिप’ हे शब्द आदर मागणाऱ्या वरिष्ठाच्या तोंडचे. ‘डिस’ हा आदर नाकारला गेलेल्याने नाकारणाऱ्यावर ठेवलेला आरोप आहे. बरोबरीच्यांच्या चढाओढीतही तो वापरला जातो हे मान्य केले, तरी त्याच्या जन्माची दिशा ध्यानात घेण्यासारखी आहे. मराठी महाविद्यालयीन तरुण आज ‘पोपट करणे’, ‘कचरा करणे’, ‘लायकी काढणे’ असे प्रयोग करतो. ते चटकदार आहेत, पण आरोपाचे नाहीत. फजिती करणाराच त्यांत फुशारकी मारतो. अपवाद म्हणून ‘किंमत न देणे’ आणि ‘भाव न देणे’ यांचा उल्लेख करता येईल. त्यांत मिळावयास हवे होते ते न मिळाल्याची तक्रार आहे, जरी ती बाजाराच्या भाषेत असली तरी.

मराठीत ही तक्रार शब्दांत आली ती दलित साहित्याबरोबर. नामदेव ढसाळ यांचा जन्म आंबेगावच्या शेजारच्या खेड तालुक्यात झाला. त्यांचा ‘गोलपिठा’ 1972 मध्ये विजय तेंडुलकरांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाला. त्या काळी झालेल्या चर्चेचा बराच भाग त्यातील असभ्य शब्दांभोवती फिरला. शब्द मोजले गेले, दिशा पाहिली गेली नाही. हे शब्द पिढ्यानुपिढ्या एकाच दिशेने, वरून खाली, वाहत आलेले होते. त्या दिवसापर्यंत ते कोणाला वाङ्मयीन प्रश्न वाटले नव्हते. दिशा उलटताच ते अश्लील झाले. दया पवार यांच्या ‘बलुतं’मध्ये (1978) असभ्य शब्द त्या मानाने थोडे आहेत, तेथे अनादर आहे तो हाकांत आणि वस्तीच्या जागेत. महार समाजाने ‘जोहार’ हे वरिष्ठांपुढे करावयाचे सक्तीचे अभिवादन टाकून ‘जय भीम’ स्वीकारले, तेव्हा एक शब्द जाऊन दुसरा आला एवढेच झाले नाही. ‘जोहार’ एकाच दिशेने करावयाचा होता, ‘जय भीम’ला ‘जय भीम’ हेच उत्तर आहे.

कोशांनी न केलेले काम या देशात कायद्याने केले, ही गोष्ट भाषाभ्यासकांनी संकोचाने का होईना मान्य केली पाहिजे. भारतीय दंड संहितेचे कलम 504, आणि 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचे कलम 352, हेतुपुरस्सर केलेल्या अपमानाविषयी आहे; तेथे अपमान करणारा कोण आणि होणारा कोण याला महत्त्व नाही. 1989 च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याने मात्र दिशा व्याख्येतच घातली : बोलणारा अनुसूचित जाती-जमातींतील नसावा, ज्याला बोलले तो असावा, आणि ते लोकांच्या दृष्टीस पडेल अशा ठिकाणी घडलेले असावे. 2015 च्या दुरुस्तीने जातिवाचक शिवीगाळीचे कलम स्वतंत्र केले. जातीचे नाव हे कोशात एक साधे सामान्यनाम असते. कोणी, कोणाला, कोणापुढे उच्चारले यावरून त्याचा अपराध होतो, हे तत्त्व कोणत्याही अर्थविचाराच्या ग्रंथापेक्षा या कायद्यात अधिक स्पष्टपणे मांडले गेले आहे. तथापि कायद्याची जाळीही शब्दाचीच आहे. जातीचे नाव न घेता म्हाताऱ्या माणसाला ‘-या’ लावून हाक मारली, त्याच्या मुलाच्या वयाच्या पोराने त्याला ‘तू’ म्हटले, तर ते फिर्यादीत लिहावयाचे कसे? जबाब प्रमाण मराठीत उतरवला जाताना सर्वनाम पुष्कळदा सावरून घेतले जाते, किंवा वाक्य परोक्ष करून टाकले जाते, आणि अपमानाचा मुद्देमालच नाहीसा होतो.

अनादराला शिवी लागत नाही याचे एक उदाहरण साखरेच्या धंद्यात रोज ऐकू येते. ऊसतोडीला आलेल्या नवराबायकोच्या जोडीला त्या व्यवहारात ‘कोयता’ म्हणतात. मुकादमाकडे किती कोयते आहेत, उचल किती कोयत्यांची दिली, असा हिशेब चालतो. हा शब्द वापरणाऱ्याच्या मनात तुच्छता असतेच असे नाही. ऊसतोड कामगार स्वतःही तो वापरतात. कोश त्याची नोंद घेईल ती हत्यार या अर्थाची, फार तर एक लाक्षणिक अर्थ म्हणून दोन माणसांची. माणसांची गणना हत्यारावर होते आणि ती दोन माणसे मिळून एक होतात, हे सांगण्यासाठी कोशाजवळ खूण नाही.

नारायणगावचा तमाशा या चर्चेत एका कारणासाठी आणला पाहिजे. गौळणीत मावशीचे सोंग घेतलेला पुरुष प्रत्यक्ष कृष्णाला फैलावर घेतो, बतावणीत सोंगाड्या आपल्या धन्याची टर उडवतो, आणि समोर बसलेला पाटील हसतो. दिशा उलटण्याची ही परवानगी रात्रीपुरती असते. तमाशाची भाषा ‘ग्राम्य’ ठरवून अभ्यासाबाहेर ठेवणाऱ्यांनी उत्तराच्या भाषेचे एक मोठे भांडार गमावले आहे. कोशासाठी अवतरणे काढावयाची तर ती वगांच्या वह्यांतूनही काढता आली असती.

नव्या मराठी कोशात अनादरवाचक शब्दांची नोंद कशी असावी, याचा एक नमुना सुचविता येईल. ‘उद्धट’ याचा अर्थ ‘विनय नसलेला’ असा देऊन भागणार नाही. ‘वय, नाते, जात, अधिकार यांनी वरच्या मानल्या गेलेल्या व्यक्तीने, त्या व्यक्तीला उत्तर देणाऱ्या खालच्या मानल्या गेलेल्या व्यक्तीविषयी वापरावयाचा शब्द; उलट दिशेने वापर विरळ’ असे लिहावे लागेल. ‘ग्राम्य’ ही खूण काढून टाकून तिच्या जागी वक्ता, श्रोता आणि साक्षीदार अशा तीन खुणा कराव्या लागतील. नावांच्या उतरणीसाठी, कोशात विशेषनामे घेत नाहीत हा नियम मोडून, एक स्वतंत्र परिशिष्ट द्यावे लागेल. अडचण एकच आहे. या नोंदींसाठी ज्याला विचारावयाचे तो निवेदक कोणता? ज्याने हाक मारली त्याला ती बहुधा आठवत नाही. ज्याला मारली गेली तो पाहणीस आलेल्या पाहुण्यापुढे, आदरार्थी बहुवचन सांभाळून, फार थोडे बोलतो.